शनिवारचं बटण

रवी वासनिक हल्ली शनिवारी संध्याकाळी घरीच असतो. अमेरिकेत, पिस्कॅटवे गावातल्या टाउनहाउसमध्ये जेवणाच्या टेबलावर रबराचं पॅड ठेवून तो काड्या चालवतो. ड्रम्सचा खरा सेट नदीपलीकडे आवी शामाशच्या तळघरात पडून आहे. तो घेऊन ये, असं त्याची बायको रोशनी अधूनमधून म्हणते. रवी 'आणतो' म्हणतो आणि जात नाही.

रवी नागपूरचा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ढोल वाजवत तो मोठा झाला. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर मेटल हे कर्कश रॉक संगीत ऐकू लागला, एमएससाठी इथल्या विद्यापीठात आला आणि नोकरी लागली म्हणून राहिला. दिवसा तो एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर तपासतो. आवी त्याला विद्यापीठात भेटला. आवीचे आजोबा बगदादचे ज्यू. त्यांच्या प्रार्थनांच्या जुन्या चाली आवी हिब्रूत गायचा, घशातून, गुरगुरत, हातात इलेक्ट्रिक गिटार घेऊन. तिसरा नबील, सीरियातल्या अलेप्पोचा मुसलमान. तो ऊद वाजवतो. हे फुगीर पोटाचं, आखूड मानेचं अरबी तंतुवाद्य तो आवाज वाढवणाऱ्या अँपला जोडून असं काही वाजवायचा, की लोखंड कापल्यासारखं वाटे. या दोघांखाली रवीचे दोन पाय बास ड्रमवर सतत चाललेले.

बँडचं नाव 'तिसरा तारा'. ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे कामबंदीचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्य बुडताना लागतो आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की सुटतो, त्यावरून. नाव ठेवलं तेव्हा आवी स्वतः शब्बाथ पाळत नव्हता.

वडील गेल्यावर तो पाळू लागला, आणि काटेकोर. शनिवारी तारे दिसेपर्यंत विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. दुसऱ्याला 'लाव' असं सांगायचंही नाही. रवी आणि नबील सरावाला संधिप्रकाशात पोचत, तेव्हा आवी तळघरात अंधारात बसलेला असे. "अंधार आहे इथे," तो म्हणे. पहिल्यांदा रवीने हसून दिवा लावला. पुढच्या वेळी आवी म्हणाला, उकडतंय. रवीने एसी लावला. हे बरेच शनिवार चाललं.

नबीलनेच एकदा त्याला उलगडून सांगितलं. आवीला सांगायची बंदी आहे, सुचवायची नाही, म्हणून तो भिंतीला सांगतो. नबीलला त्यात मजा वाटे. अलेप्पोत त्याचे आजोबा ज्यू शेजाऱ्यांचे दिवे असेच लावायचे आणि बदल्यात त्यांना बदामाची मिठाई मिळायची. "आपण मात्र इथे फुकटात लावतोय," तो म्हणाला.

रवी हसला नाही. त्याचे आजोबा रामभाऊ उमरेडजवळच्या एका खेड्यातले. तिथला पाटील त्यांचं नाव घेत नसे. अंगणात उभा राहून हवेत बोलल्यासारखा म्हणे, "गोठ्यात वास येतोय." रामभाऊंनी ओळखायचं, जनावर मेलंय, ओढून न्यायचं. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांनी हे बंद केलं. घरात त्यांचा एकच नियम होता. ज्याला काम हवंय त्याने नाव घेऊन सांगावं. सूचनेवर हलायचं नाही. रवीच्या वडिलांनी तो पाळला. आईसुद्धा 'पाणी संपलंय' असं म्हणत नसे; 'रवी, माठ भर' म्हणे.

एका रविवारी आवी घरी आला आणि पाणी मागताना म्हणाला, कागदी कप असेल तर बरं. त्याच्या सोवळ्याचे नियम, दुसऱ्यांच्या स्वयंपाकाची भांडी न चालण्याचे, रवीने रोशनीला समजावले. ती म्हणाली, "कळलं मला. कारण बरोबर आहे त्याचं. पण कप कचऱ्यात मी टाकला ना."

दोन वर्षं बँडला फारसं कुणी बोलावलं नव्हतं. युद्धाच्या बातम्यांनंतर काही हॉलवाल्यांना नबील नको होता, काहींना आवी. मग जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं. वार शनिवार. आवीच्या विनंतीवरून त्यांना तारे दिसल्यानंतरची वेळ मिळाली, पण एक अट होती. आवाजाची तपासणी आधी झाली पाहिजे; आवीची गिटार दुसऱ्या कुणी छेडून दाखवली तरी चालेल. ती झाली नाही तर पुढचा बँड चढणार. आवी आदल्या दिवशीच येऊन हॉलपासून चालत जाता येईल अशा एका घरी राहिला.

तपासणीच्या वेळी सूर्य बुडालेला होता, तारे दिसायचे होते. नबील मागच्या खोलीत मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजाला गेला होता. स्टेजवर रवी ड्रम्सपाशी आणि आवी आपल्या अँपपाशी, हात पाठीमागे बांधून.

"अँप बंद आहे," आवी म्हणाला.

रवी बसून राहिला. "मला सांगतोयस?"

"नुसतं म्हणतोय, बंद आहे."

"माझं नाव घे आणि सांग. लगेच लावतो."

आवीने अँपच्या बटणाकडे पाहिलं. मग म्हणाला, "रवी, मला ते सांगता येत नाही."

त्याने नाव घेतलं होतं. काम सांगितलं नव्हतं. रवीने काड्या मांडीवर आडव्या ठेवल्या. बटण दोघांच्याही हाताच्या अंतरावर होतं. नबील परत आला तोवर साउंडवाल्याने पुढच्या बँडला स्टेज दिलं होतं. शेवटी उरलेल्या वेळात त्यांना एक गाणं मिळालं. तारे केव्हाच उगवले होते. बटण आवीने स्वतः दाबलं. गाणं चांगलं झालं, असं नबील सांगतो. त्यानंतरच्या शनिवारी रवी सरावाला गेला नाही.

रवीला फरक कळत नाही असं नाही. पाटील आजोबांना खालचे समजत होता, आवी त्याला तसं समजत नाही, हे तो स्वतःच सांगतो. "पटतं सगळं," तो म्हणतो. "हात उठत नाही."

ऑगस्टमध्ये एका बुधवारी आवी दारात आला. रोशनीने पाणी आणलं, कागदी कपातच. तो उभ्यानेच प्यायला आणि म्हणाला, "रवी, परत ये. मी तुला सांगतोय. नाव घेऊन सांगतोय."

"आज बुधवार आहे," रवी म्हणाला.

आवीने मान हलवली. रिकामा कप त्याने चुरगळला आणि स्वतःच्या खिशात घातला. नबील आता ड्रमचा आवाज लॅपटॉपवरून लावतो. शनिवारी तारे दिसण्याआधी तो लॅपटॉपही नबीलच सुरू करतो.