साहेबासाठी शोधलेलं इंग्रजी

बारामतीच्या इंग्रजी शाळेत मी नुकताच मास्तर झालो होतो. माझं इंग्रजी विलायतेत थोडं कमी पडेल, पण इंदापूर तालुक्याला पुरून उरेल, अशी माझी पक्की समजूत होती. एकोणीसशे तिसाच्या पुढची ती वर्षं. एका रविवारी कळंबजवळच्या वाडीतले एक म्हातारे बागाईतदार माझ्याकडे आले. त्यांना सगळे आबाच म्हणत. त्यांची चार वर्षांची मोसंबीची बाग पाटाच्या चारीच्या, म्हणजे पोटकालव्याच्या, अगदी शेवटाला होती. वरच्या उसवाल्यांचं भिजवून उरलं तर पाणी आबांकडे येई, आणि ते सहसा उरत नसे. आता पाटाचा गोरा साहेब पाहणीला वाडीवर येणार होता.

“मास्तर, येकच वळ इंग्रजीत लिवून द्या,” आबा म्हणाले. “चारीच्या शेवटाला पानी येत न्हाय. उनाळ्यात पान्याच्या दोन पाळ्या मिळाल्या न्हाईत तर बाग जाती.”

मला हसूच आलं. असलं उघडंबोडकं वाक्य साहेबापुढं ठेवायचं?

“आबा, इंग्रजीत असं धाडकन बोलत नाहीत. आधी जरा गोडीगुलाबी करावी लागते.”

“करा की. पर पान्याचं तेवढं इसरू नका.”

पत्रलेखनाचं एक जाडजूड पुस्तक घेऊन मी चार दिवस मानपत्र लिहीत बसलो. साहेब उतरल्यावर प्रवासाची चौकशी कशी करावी, याची तीन वाक्यं त्यात होती; मी सगळ्यात लांब निवडलं. मग ‘आपल्या आगमनाने आमच्या क्षुद्र वस्तीवर सूर्य उगवला आहे’ अशा अर्थाचं एक झोकदार वाक्य सापडलं. उन्हाने करपणाऱ्या वाडीला आणखी एक सूर्य कशाला, हे मला काही सुचलं नाही. त्याखाली साहेबाच्या दयाळूपणाचे दोन परिच्छेद आले, मग सरकारच्या दूरदृष्टीचा एक. एवढ्यांची सोय लावता लावता पाणी खाली खाली सरकत गेलं आणि मानपत्राच्याही शेवटाला जाऊन पडलं. तिथेसुद्धा मी लिहिलं ते असं, की पुढेमागे सोयीचं वाटल्यास जलदेवतेनेही आपल्यासारखीच भेट दिली, तर आम्ही धन्य होऊ. हे वाक्य मी स्वतःलाच सहा वेळा वाचून दाखवलं.

साहेब दुपारी आला. खाचखळग्यांतून मोटार आदळत आली होती आणि तो रुमालाने नाकातली धूळ काढत होता. मी पुढे होऊन, आपला प्रवास अत्यंत आल्हाददायक झाला असेल असा मला विश्वास आहे, असं अस्खलित इंग्रजीत म्हणालो. त्याने रुमालातली धूळ माझ्यासमोरच झटकली. मी मानपत्र वाचायला घेतलं; दुसऱ्या पानावर त्याने घड्याळ काढलं. जलदेवता येईपर्यंत तो मोटारीच्या दाराशी पोचला होता.

पण माणूस वाईट नव्हता. जाता जाता थांबून त्याने विचारलं, पाणी पुरतं का? अगदी साधं इंग्रजी, आमच्या दुसरीतल्या पोरालाही कळावं असं.

चार दिवस घासूनपुसून ठेवलेली माझी जीभ आपोआप चालली. “थँक्यू सर, बाय युअर काइंडनेस, क्वाइट सफिशंट.”

आपल्या कृपेने अगदी पुरेसं! साहेबाने मान डोलवली आणि वहीत टिपून घेतलं. ‘नो सर’ एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण चारचौघांत आपलंच वाक्य खोडायची मला लाज वाटली, आणि ती लाज मोडेपर्यंत मोटार निघून गेली.

आबांचा चेहरा नुसता फुलला होता. “लिवून घेतलं की सायबानं! काय म्हनला?”

“बघतो म्हणाले,” मी धडधडीत खोटं बोललो.

उन्हाळ्यात एकही पाळी आली नाही. पावसाच्या तोंडावर आबा माझ्या दारात आले आणि वाळक्या लाकडांची एक मोळी पडवीत टाकून म्हणाले, “बाग तोडली, मास्तर. म्हनलं, बागेचं कायतरी तुमच्या घरी याया पायजे. तुमी लई झटला हुता.”

टोमणा नव्हता; ते मनापासून बोलत होते. मी “बसा” म्हणालो. पुढे सांगायचं होतं ते मला कुठल्याच भाषेत बोलता आलं नाही.