स्टिअरिंग कोण धरणार

मुलं त्याला ब्रेककाका म्हणायला लागली ती अगदी शेवटी शेवटी. त्याआधी तो नुसता काका होता. शाळेची बस चालवणारा, कमी बोलणारा, डब्यातला चमचासुद्धा वाजणार नाही असं वळण घेणारा काका. त्याला भीती अशी कशाचीच वाटत नसे. झुरळाची वाटे, पण ती घरातल्या घरात.

भीती सुरू झाली एका रविवारी, मेहुण्याच्या सभेत.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये तो प्रार्थनासभा घ्यायचा. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक माइक, जिन्यातून वर येणारा रबराचा वास. माणूस बोलायला गोड. त्या दिवशी विषय प्रभूच्या येण्याचा होता. प्रभू आधी गुपचूप येणार, मेहुण्याने समजावलं. आपल्या माणसांना वर उचलून नेणार. मग मागे राहिलेल्यांवर महासंकट. आणि ते सरलं की प्रभू उघडपणे येणार, हजार वर्षं राज्य करायला.

“पापणी लवायच्या आत,” मेहुणा म्हणाला. “जेवणारा जेवता जेवता जाईल, ताट तिथंच. फोनवर बोलणारी बोलता बोलता जाईल, फोन खाली. आणि आमचे भाऊजी...” त्याने दुसऱ्या रांगेकडे बोट केलं. “भाऊजी गाडी चालवता चालवता जातील. गाडी आपली चाललीये आणि ड्रायव्हर गायब.”

हॉल हसला. बायकोही हसली. त्यालाही हसू आलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. त्याच्या डोळ्यांपुढे उतार आला.

शाळेतून निघालं की वस्ती संपताना एक लांब उतार लागे. तळाशी रस्ता काटकोनात वळे, आणि नाकासमोर कालव्याचा दगडी कठडा. कमरेएवढा. तो उतार तो रोज उतरायचा. बसच्या पहिल्या बाकावर, दाराजवळ, त्याची स्वतःची मुलगी बसायची. पहिलीतली, लाल रिबिनीची.

सभा सुटल्यावर त्याने मेहुण्याला जिन्यात गाठलं.

“गाडीचं काय?”

“कुठल्या गाडीचं?”

“मी गेल्यावर. गाडीत पोरं असतात.”

मेहुण्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “भाऊजी, लहान लेकरं सगळी वर जाणार. निष्पाप ना ती.”

“मोठ्या वर्गातली? मिसरूड फुटलेली पण आहेत दोन-चार.”

मेहुण्याने खांद्यावरचा हात काढला. “ते प्रभूला ठाऊक.”

“म्हणजे ती गाडीत राहणार.”

“तुम्ही कशाला एवढं डोकं लावता? तुम्ही तिथं नसालच की.”

हेच तर. तो तिथं नसणार होता.

संध्याकाळी तो वडिलांकडे गेला. वडिलांनी सगळी नोकरी बसडेपोत मेकॅनिक म्हणून काढली होती. आता निवृत्त होते, पण हात स्वस्थ बसत नसत. त्या दिवशी शेजाऱ्याचं कुलूप खोलून बसले होते. ते जुन्या चर्चमधले. जाड भिंतींचं, थोडक्यात उपदेश आटपणारं चर्च. तिथं शिकवत की प्रभू एकदाच येणार, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि तेव्हाच न्याय. हजार वर्षांचं राज्य म्हणजे पुढचं काही नाही, आत्ता चाललंय तेच.

“तो राजा आहे,” वडील म्हणाले. “गुपचूप येऊन माणसं लांबवायला तो काय पाकीटमार आहे?”

“पण शास्त्रात आहे ना, बाबा. दोघं कामावर असतील. एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल.”

“आहे. पण त्याच्या आधी काय आहे ते वाचलंस का? जलप्रलयाची गोष्ट आहे तिथं. पाणी आलं तेव्हा कोण गेलं?”

“बुडाले ते.”

“आणि मागे कोण राहिलं?”

“तारवातले. नावेत चढलेले ते.”

“मग? घेतलं जाणं बरं, का ठेवलं जाणं?” वडिलांनी कुलपावर फुंकर मारली. “तुझा मेहुणा वर जायची प्रार्थना करतो. तू आपली मागे राहायची कर. एकाची तरी लागेल.”

ते हसले. चेष्टेचाच स्वर होता. पण तो घरी निघाला तेव्हा त्याच्याकडे एकाच्या जागी दोन भीती होत्या. आपण जाऊ आणि मुलं त्या उतारावर राहतील, ही पहिली. मुलं जातील आणि आपण राहू, ही दुसरी. जाणं ही सुटका की शिक्षा, हे त्याला धड कळत नव्हतं. मेहुणा आणि बाबा, दोघं एकाच देवापुढे गुडघे टेकत होते. एकच पान वाचत होते.

तेव्हापासून त्याचं आरशात बघणं सुरू झालं.

बसच्या काचेवर आतला लांबडा आरसा असतो, मुलांवर नजर ठेवायला. आधी तो त्यात अधूनमधून पाही. आता सारखा पाहू लागला. रिबीन दिसली की श्वास सोडायचा. मुलगी खोडरबर उचलायला वाकली, रिबीन दिसेनाशी झाली, की पाय आपोआप ब्रेकवर. मागे पोरं एकमेकांवर आदळत. ब्रेककाका हे नाव तेव्हाचं. उतारावर तो ब्रेकवर पाय दाबून धरूनच गाडी मुंगीच्या पावलांनी उतरवायचा. मागे हॉर्नचा कल्लोळ. रोज कुणी ना कुणी घरी उशिरा पोचे, रोज कुणाला तरी मळमळे.

एकदा दुपारी तो घरी आला तर दार सताड उघडं. गॅसवर दूध, नळ वाहतोय, बायको नाही. त्याने एकदाच हाक मारली. मग त्याच्याने दुसरी मारवेना. चपलांच्या रॅकवर बसून राहिला. दूध उतू गेलं, जळल्याचा वास सुटला, तरी तो उठला नाही. बायको गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आली.

“अहो, काय हे? गॅस तरी बंद करायचा.”

“तू नव्हतीस.”

तिने त्याचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. आधी हसू आलं, मग आलं नाही. “मी गेलेच,” ती म्हणाली, “तर गॅस बंद करून जाईन. एवढी ओळखता ना मला?”

बसमध्ये मुलांना सांभाळायला एक मावशी होती. चांगली अंगापिंडाने भरलेली, आवाज असा की शेवटच्या बाकावरची भांडणं पुढूनच मिटायची. तीही ख्रिस्ती, पण तिसऱ्याच चर्चमधली. एके सकाळी मुलं यायच्या आत त्याने तिला आपल्या सीटपाशी बोलावलं.

“मावशी, हा हँडब्रेक. मी अचानक नसलो तर हा खेचायचा.”

“नसलो म्हणजे? चालत्या गाडीतून कुठं जाणार?”

त्याने वर पाहिलं. मावशीला पटकन समजलं.

“आमच्यात असं नाही, भाऊ. आमच्यात आधी संकट, सगळ्यांना. ते भोगायचं आणि मग प्रभू. मधल्या मधे कुणाला सुट्टी नाही.” तिने पदर खोचला. “आणि मला उचलायचं म्हणजे देवदूतांना पण दोनदा विचार करावा लागेल. दाखवा, कसा खेचायचा?”

त्याने दाखवलं. तिने खेचला. हवा फुस्स करून सुटली, उभी गाडी किंचित हलली. त्याने तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. शेवटी ती वैतागली, पण त्याच्या कपाळावरचा घाम बघून तिने आणखी एकदा खेचून दाखवला.

शाळेत गाड्यांचं काम पाहणाऱ्या मॅडमनी त्याला ऑफिसात बोलावलं. पालकांच्या तक्रारींनी त्यांचे कान किटले होते. “इतकी वर्षं तुमचं नाव घेऊन मी दुसऱ्या ड्रायव्हरांना बोलत आले,” त्या म्हणाल्या. “गाडीत काही बिघाड आहे का?” तो नाही म्हणाला. “मग तुमच्यात?” पुढच्या तक्रारीला गाडी दुसऱ्याच्या हाती जाईल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्याला क्षणभर बरंच वाटलं. मग वाटलं, तो दुसरा ड्रायव्हर उचलला जाणारा असला तर?

हे सगळं मुलीला अर्धंमुर्धं माहीत होतं. घरात बोलणं होई, ती ऐके. तिने बसमधल्या मोठ्या मुलींना अभिमानाने सांगितलं, “माझे पप्पा आरशात बघतात ना, ते आम्ही वर गेलो का ते बघतात.” मोठ्या मुलींनी तिच्याकडून सगळी गोष्ट काढून घेतली. त्यांना ती फार आवडली. दोन दिवस कुजबूज चालली. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. काकाला दचकवायचं आणि मग सगळ्यांनी एकदम भो करायचं, एवढाच बेत.

त्या दुपारी शेवटच्या बाकावर एका मुलाला उलटी झाली. मावशी बादली आणि फडकं घेऊन मागे गेली, गुडघ्यांवर बसून पुसू लागली. बस उताराला लागली. मोठ्या मुलींनी खूण केली, आणि सगळी मुलं आवाज न करता बाकांखाली सरकली. ड्रायव्हरची मुलगीही. तिला तर कोण आनंद झाला होता.

त्याला आधी कळला तो आवाज बंद झाल्याचा. नुसतं इंजिन. असं कधी होत नसे.

त्याने आरशात पाहिलं. बाकं रिकामी. बाकांवर दप्तरं होती. एक पाण्याची बाटली आडवी पडून इकडून तिकडे लोळत होती. पहिल्या बाकावर रिबीन नव्हती. मागे मावशी नव्हती.

गेली, असं त्याला वाटलं. एवढंच. वर गेली असतील किंवा वाहून गेली असतील. मेहुणा खरा असेल किंवा बाबा. तो मागे राहिला होता हे नक्की. छातीत काही धडधडलं नाही. उलट सगळं फार शांत झालं, आणि ती शांतताच भयंकर होती, असं तो नंतर म्हणाला.

मग त्याने हात सोडले.

गाडी रिकामी होती. सांभाळायचं कुणाला? त्याने ते रागाने केलं नाही, मुद्दाम ठरवूनही नाही. बाहेरून आल्यावर माणूस हातातली पिशवी खाली ठेवतो, तसे त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. पायही ब्रेकवरून निघाला. गाडीने उतार धरला. कठडा समोरून मोठा होत येऊ लागला.

तेवढ्यात कुठल्याशा बाकाखाली कुणीतरी खुदकन हसलं.

ते त्याला ऐकू आलं. हसणं मुलीचं आहे हेही कळलं. त्याने हातांना उठायला सांगितलं. हात उठले नाहीत. मांडीवर तसेच पडून राहिले, जसे दुसऱ्याचे.

गाडीचा वेग मावशीला गुडघ्यांतून कळला. ती उठली आणि धावली. दप्तरं तुडवत, कुणाची बोटं तुडवत, हातात ओलं फडकं तसंच. पुढे पोचली आणि त्याच्या खांद्यावरून वाकून तिने शिकवल्याप्रमाणे हँडब्रेक खेचला. हवा सुटली, चाकं किंचाळली, बस तिरकी होत घसरत गेली. कठड्याला नाक टेकवून थांबली. रबराचा वास आला.

मग रडणं सुरू झालं, सगळ्या बाकांखालून एकदम.

मावशी त्याच्याकडे बघत होती. तिचा श्वास लागला होता. “तुम्ही म्हणाला होतात, नसलो तर,” ती म्हणाली. “तुम्ही तर बसलाय की इथंच.”

मुलांना मुका मार लागला. त्याच्या मुलीची हनुवटी फुटली, टाके पडले. त्याने मॅडमच्या टेबलावर किल्ली ठेवली आणि सांगितलं, “मी हात सोडले होते.”

मेहुणा घरी आला, प्रभूने राखलं म्हणाला, आणि मोठी प्रार्थना केली. ती चालू असताना बायको उठून आत गेली. वडील उशिरा आले. त्यांनी मेकॅनिकसारखाच प्रश्न विचारला.

“ब्रेक लागले नाहीत का?”

“लावलेच नाहीत, बाबा.”

वडील बराच वेळ नातीच्या हनुवटीवरची पट्टी बघत राहिले. “मी चेष्टा केली होती रे,” ते म्हणाले.

आता तो त्याच शाळेच्या आवारात गाड्या धुतो. उभ्या गाडीत शिरायचं झालं तरी आधी हँडब्रेक बघतो. प्रभू कधी येणार, कसा येणार, या विषयावर तो दोन्हीकडे गप्प बसतो. आभाळाची भीती त्याला आता वाटत नाही. तो पाइप हातात धरून कधीकधी मधेच थांबतो आणि आपल्या हातांकडे बघतो.

मुलीला तो शाळेत चालत नेतो. वाटेत तो उतार लागतो. मुलगी बडबडत असते. तिला झाल्या गोष्टीचं फारसं काही वाटत नाही, हनुवटीवरची खूण ती वर्गात कौतुकाने दाखवते. परवा उताराच्या मध्यावर ती थांबली.

“पप्पा, हात दुखतोय.”

त्याने बोटं थोडी सैल केली. थोडीच.