शांत रस्ता आणि पुढची टोपली

आमच्या रस्त्यावर गाड्या नसतात हे खरं आहे. पण प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर मी 'हा मार्ग शांत आहे' असं लिहिलं, ते लिहायला नको होतं असं मला नंतर फार वाटलं.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. भूगोलाच्या प्रोजेक्टला मॅडमनी प्रत्येकाला आपापल्या भागातला सायकलचा एक मार्ग शोधायला सांगितला होता. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून सायकलवाले कर्जतकडे येतात. त्यांना गर्दी नसलेले रस्ते सांगता येतील, अशी त्यामागची कल्पना. मी आमचाच रस्ता घेतला. गावाजवळच्या पुलापासून नदीच्या काठाकाठाने वर, सागाच्या आणि ऐनाच्या झाडीतून, वीजघराच्या वसाहतीच्या फाटकापर्यंत. वीजघरातून पाणी सुटतं म्हणून आमची नदी उन्हाळ्यातही वाहती असते. फेब्रुवारीत पळस फुललेला असतो. चौदा किलोमीटरमध्ये एकच चढ जरा दम काढतो. मला वाटलं, यापेक्षा सोपं प्रोजेक्ट कुणाला मिळणार?

मॅडमची अट एकच होती. "पुलापासून फाटकापर्यंत फोनवर सलग नोंद हवी. मध्ये दोन मिनिटांच्या वर थांबलात तर ती धरणार नाही. नवख्या माणसाला किती वेळ लागतो ते आपल्याला सांगायचंय."

आता माझी सायकल. ती मला आठवीत शाळेतून मिळाली होती, मुलींना मिळते तशी, पुढे तारेची टोपली असलेली. आणि आमच्या रस्त्यावर टोपली रिकामी जाऊ देत नाहीत. चाकावर जो कोणी जातोय त्याने पुढच्या वाडीचं सामान न्यायचं, ही रीत माझ्या जन्माच्या आधीपासूनची आहे. पूर्वी दूधवाला न्यायचा. आता तो मोटारसायकलवर असतो आणि हाक ऐकू येत नाही म्हणतो. मग उरले मी.

पहिल्या खेपेला तीन किलोमीटरवर दळणाचा डबा आला. डबा घेतला तेवढा वेळ चालला असता, पण डबा देणाऱ्या आजोबांना मी कोणाची हे आधी जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं. त्यांनी माझ्या वडिलांच्या लहानपणीची एक गोष्ट सांगितली. नोंद गेली.

दुसऱ्या खेपेला इस्त्रीचा गणवेश. तिसऱ्या खेपेला वालाच्या शेंगांची पिशवी, आणि पिशवी जिथे द्यायची होती तिथे चहा. मी म्हटलं, "नको, घाई आहे." त्या घरातली बाई म्हणाली, "घाई कोणाला नाय गं? बस." मी बसले. न बसता कसं चालतं ते मला अजून माहीत नाही.

त्याच वेळी रस्त्यावरून चार सायकलवाले गेले. डोक्याला हेल्मेट, डोळ्याला काळे चष्मे, सायकलला टोपली नाही की कॅरिअर नाही. त्यांना कोणी हाक मारली नाही. कडेच्या माणसांनी उलट गुरं बाजूला घेतली. माझ्याच रस्त्यावर माझ्यापेक्षा त्यांना जास्त शांतता होती. मी चहाची बशी हातात धरून त्यांच्या पाठीकडे पाहत बसले आणि मला इतकी चीड आली की चहाची चवही कळली नाही.

घरी आई म्हणाली, "मग काय झालं? एवढं नेलंस तर झिजलीस का?" दादा दहावीनंतर थांबला, वडील माथेरानला हॉटेलात कामाला आहेत, आठवड्याने खाली येतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आईने पोरगी जूनमध्ये बी.ए. होणार हे सगळ्या आळीला सांगून टाकलं होतं. प्रोजेक्ट राहिलं तर वर्ष राहतं, हे तिला मी कितीदा सांगितलं. तिचं म्हणणं, सायकल चालवायची परीक्षा असते का कुठे.

चौथ्या खेपेला कोंबडा आला.

चढाच्या आधी ओढ्यावर एक मोरी आहे, तिथल्या काकी पाय बांधलेला कोंबडा घेऊन उभ्या होत्या. आम्ही जवळचे नाही, पण लहानपणापासून ओळखतो. काकी म्हणाल्या, "वरच्या वाडीत माझ्या बापाकडं सोड. चावत नाय तो."

"काकी, आज नाय जमणार."

"का? कोंबडा काय जड हाय?"

मग माझा तोल सुटला. मी म्हणाले की मला न थांबता जायचंय, तुमच्या सगळ्यांच्या पिशव्यांपायी चौथ्यांदा बोंबललंय, सोमवारी द्यायचंय, नाही दिलं तर मी नापास. एवढ्या मोठ्याने मी मोठ्या माणसाशी कधी बोलले नव्हते. मग काकींनी कोंबडा टोपलीत ठेवला, कारण वेळ तर गेलाच होता. तेही खरंच. पूर्ण चढभर तो माझ्याकडे बघत होता.

शनिवारी संध्याकाळी मी दादाचा पाना घेतला आणि टोपली काढली. कॅरिअरही काढलं. वर्गातल्या मैत्रिणीच्या भावाचं हेल्मेट आणि चष्मा मागून आणला. दादाची ट्रॅकपँट घातली. आईने दारातून पाहिलं आणि म्हणाली, "कोण म्हणायचं हे?" मला बरं वाटलं. म्हणजे ओळखू येत नव्हते.

रविवारी सकाळी पुलावर नोंद सुरू केली. डब्यावाले आजोबा ओट्यावर होते, त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि मान वळवली. चहावाल्या घराशी एका बाईने पोराला मागे ओढलं, "गाडी येती बघ." मी गाडी झाले होते. पहिल्यांदाच मला पाण्याचा आवाज ऐकू आला, चेन फिरल्याचा ऐकू आला. हे प्रोजेक्टमध्ये लिहायचं असं मी मनात म्हणतच होते, तेवढ्यात मोरी आली.

मोरीवर काकी बसल्या होत्या. हातात लहानशी पिशवी. मी येताना दिसले तशा त्या उभ्या राहिल्या, हात थोडा वर गेला, आणि मग खाली आला. त्या कडेला सरकल्या. मी मान खाली घातली आणि गेले. थांबले नाही.

फाटकाशी पोचले तेव्हा नोंद पुरी होती, एकदाही न थांबता. मी ती जपून ठेवली, दोनदा पाहिली. आनंद व्हायला हवा होता. तो हात वर जाऊन खाली आलेला मला दिसत होता. हेल्मेट हँडलला अडकवलं आणि उतरणीला लागले.

काकी तिथेच होत्या.

"झालं का गं तुझं?" त्या म्हणाल्या.

मी ब्रेक दाबून थांबले. "काय झालं?"

"परीक्षा. मघाशी गेलीस ना."

"तुम्ही ओळखलंत?"

"तुझा मडगार्ड लांबून वाजतो. सगळ्यांनी वळखलं आसंल." त्यांनी दादाची ट्रॅकपँट नीट न्याहाळली. "आनि ही सोंगं कशाला? सांगितलं आसतंस तर कुनी थांबवलं नसतं."

"त्या दिवशी सांगितलं की काकी."

"त्या दिवशी तू भांडलीस. सांगायचं आधी आसतं." मग त्यांनी पिशवी पुढे केली. "बापाचं मोतीबिंदूचं आपरेशन झालंय. डोळ्यात घालायचं औषध सकाळीच सपलं. म्हनलं, हिची परीक्षा हाय, जाऊ दे पुढं. माघारी येईलच."

"मी वरच्या वाडीवरूनच आले आत्ता, काकी."

"हां," त्या म्हणाल्या. "म्हनून तर उशीर झाला."

मी पिशवी घेतली. टोपली नव्हती, म्हणून ती हँडलला बांधली, आणि तो चढ त्या सकाळी दुसऱ्यांदा चढले. पिशवी पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर आपटत होती. म्हातारबाबा अंगणात डोळे मिटून बसले होते. औषध मलाच घालावं लागलं, कारण सून रानात गेली होती. मग त्यांनी डोळे मिटूनच पोटलीभर शेंगा दिल्या, मोरीवर द्यायला.

सोमवारी मॅडमनी नोंद पाहिली, छान आहे म्हणाल्या. शेवटच्या पानावर सायकलस्वारांसाठी सूचना असा रकाना होता. मी बराच वेळ पेन धरून बसले. पाणी सोबत ठेवावे, एवढंच लिहिलं.

त्या संध्याकाळी टोपली पुन्हा बसवली. आईला दळण आणायचं होतं.