दार वाजवायला शिकवणाऱ्या बाजी

शमीमबाजींची पहिली ओळख झाली ती त्यांच्या ओरडण्यातून. बारावीनंतरच्या क्लाससाठी मी उमरीहून लातूरला आले होते. त्यांच्या वसतिगृहाच्या जिन्यात ट्रंक घेऊन उभी, तोच वरून आवाज आला, "चप्पल काढ गं, फरशी आत्ताच पुसलीय!" मी चिडलेच. मग समोर गरम खिचडी आली आणि राग विरून गेला.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बाजी बेघरांच्या छावणीत मदतीला राबल्या होत्या. त्याविषयी त्या फारसं बोलत नसत. पुढे शहरात क्लासेस वाढले, तसं त्यांनी मुलींसाठी हे वसतिगृह काढलं.

त्याच वर्षी माझे वडील गेले. तेरावं उरकून मी परतले, तोवर खोलीतल्या तिघींचे मेसेज येऊन पडले होते. जोडलेले हात, रडके चेहरे. खोलीत मात्र कुणी वर बघेना. "जेवलीस का?" हेही समोर बसलेल्या स्वातीने मेसेज करूनच विचारलं! मी बॅग भरायला घेतली. शिक्षण सोडून घरी जायचं ठरवलंच होतं.

बाजींनी दारातून ती बॅग पाहिली. कुणावर ओरडल्या नाहीत, हेच नवल. चौघींना खाली नेलं, फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायला लावले आणि मध्ये मेथीच्या जुड्या टाकल्या.

"बाजी, काय बोलावं सुचत न्हाई," उदगीरची स्वाती पुटपुटली. "ही रडली तर?"

"रडू दे की. बोलू नगंस बेटा, नुसती बस तिच्यापाशी. छावणीत आमच्याजवळ तरी कुठं शब्द हुते?"

स्वाती सरकून जवळ आली आणि माझ्याआधी तीच रडली. माया या मुलींना होतीच, पण समोर रडणाऱ्या माणसाचं काय करायचं हे कुणी शिकवलंच नव्हतं. मेथी निवडून होईतो मी वडिलांबद्दल कितीतरी बोलले. बॅग स्वातीनेच रिकामी केली.

तेव्हापासून वसतिगृहाचा नियमच झाला. निकाल बिघडो की घरून वाईट बातमी येवो, मेसेज करायचा नाही, जाऊन दार वाजवायचं. बाजी स्वतः दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले चढत. आज मी नांदेडला शिकवते. एकाच बाकावरची मुलं तिथंही एकमेकांना मेसेज करतात, त्यांना मी बाजींचा नियम सांगते.

बाजींनी साठी गाठली. त्यांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत आणि ओरडण्याचा जोर तसूभरही कमी न होवो. बाजी, वाढदिवसाचा मेसेज मी पाठवणार नाही. रविवारी स्वातीला घेऊन लातूरला येतेय. दार वाजलं की उघडा. चपला बाहेरच काढू.