मामेसासऱ्यांची अक्षत

माझ्या मामेसासऱ्यांना या देशात राहायची परवानगी देताना आपण नेमकं काय करतो आहोत, याची इंग्रज सरकारला अजिबात कल्पना नव्हती, असं माझं ठाम मत आहे. असती तर निदान त्यांचे खिसे तरी तपासले असते. मामांच्या खिशात कायम एक मोजपट्टी असते. कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात त्यांनी आयुष्यभर नकाशे काढले. निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ कपाटात गेलं, पट्टी मात्र खिशातच राहिली. मी पुण्याहून कंपनीच्या व्हिसावर नुकताच आलो होतो आणि मामा भाचीचा संसार बघायला आमच्या भाड्याच्या घरी आले. चहा व्हायच्या आत त्यांनी सोफा मोजला. "जावईबापू, डावी बाजू अर्धा इंच खाली आहे. तुम्हाला वाटत असेल, तुम्ही सरळ बसलाय." त्या दिवसापासून मी त्या सोफ्यावर सुखाने बसू शकलेलो नाही.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे पावकी-निमकी, म्हणजे अपूर्णांकांचे जुने पाढे. लहानपणी पाठ केलेली पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे गृहस्थ रस्त्याने मोठ्याने म्हणत जातात. बसमध्ये शेजारी बसलेल्या मडमेला वाटतं, बिचारा प्रार्थना करतोय, आणि ती आदराने सरकून बसते. मामांना वाटतं, तिला ऐकायचंय. मग ते आवाज चढवतात.

अशा माणसाला आमच्या भागातल्या सरकारी माध्यमिक शाळेने गव्हर्नर केलं. गव्हर्नर म्हणजे शाळेच्या कारभारात लक्ष घालणारा बिनपगारी गावकरी, आणि बिनपगारी लक्ष घालण्यात मामांचा हात धरणारा कोणी नव्हता. शाळेची अवस्था मात्र नाव घेऊ नये अशी. वर्ग रिकामे पडत चालले होते, शाळा बंद करण्याची कुजबुज होती आणि आईबाप मुलांना लांबच्या शाळेत घालण्यासाठी घरं बदलत होते. त्यात मामांचा मुलगाही होता. "बाबा, त्या स्कूलमध्ये मी तिला नाही पाठवणार," त्याने आपल्या मुलीबद्दल स्वच्छ सांगितलं होतं. "ती सेकंडरीला गेली की आम्ही ब्रॅकनेलला मूव्ह होऊ. माझा ऑफिस पण तिथे आहे." मामी गेल्यापासून नात रोज दुपारी प्राथमिक शाळा सुटली की मामांकडे यायची, दूध प्यायची आणि दिडकी म्हणायची. त्या घरात दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं व्हायचं. तेव्हा शाळा सुधारणं हे मामांच्या दृष्टीने समाजकार्य वगैरे नव्हतं. नात जवळ राहण्याचा तो एकमेव मार्ग होता.

त्या वर्षांत सरकारने एक टूम काढली होती. साध्या शाळेने एखादा विषय निवडायचा, तो आपण कसा फुलवणार याचा आराखडा लिहायचा, आणि तो मंजूर झाला की फाटकावर 'स्पेशालिस्ट' अशी पाटी लावायची. शाळा तीच, गळकं छप्पर तेच, पाटी तेवढी नवी. पुण्यात वाढलेल्या माणसाला पाटीचं महत्त्व कोणी सांगायला नको. मामांनी बैठकीत गणिताचा आग्रह धरला आणि नमुन्यादाखल सगळ्यांना पावकी म्हणून दाखवली. हेडबाई म्हणाल्या, "हाऊ व्हेरी इंटरेस्टिंग." इंग्रज माणूस असं म्हणतो तेव्हा त्याला खिडकीतून उडी मारायची असते, हे इतक्या वर्षांत मामांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दिडकीही म्हणून दाखवली. शेवटी बाकीच्यांनी, बहुधा अडीचकी टाळण्यासाठी, गणिताला एकमताने होकार दिला.

आराखडा मंजूर झाला तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य हेडबाईंनाच वाटलं असावं. आता थाटात उद्घाटन करायचं आणि आईबापांना शाळा दाखवायची असं ठरलं. शाळेने रंगीत पत्रकं छापली आणि घरोघर टाकली. मामांना ते मुळीच पसंत पडलं नाही. "कागद टाकून माणसं येतात होय? घरी जाऊन बोलवावं लागतं." त्यांनी तांदळाला कुंकू लावलं, पहिली अक्षत देवघरातल्या गणपतीपुढे ठेवली आणि वाटी घेऊन निघाले. बरोबर मी. जावयाने नाही म्हणायचं नसतं, हा नियम कोणी केला कोण जाणे, पण तो जावयाने नक्कीच केलेला नाही. दार उघडलं की मामा समोरच्या गोऱ्या माणसाच्या तळहातावर चार लाल दाणे ठेवायचे, "सॅटर्डे, स्कूल हॉल, होल फॅमिली, प्लीज," म्हणायचे आणि नमस्कार करून पुढच्या दाराकडे वळायचे. प्रश्न विचारायला त्यांनी कुणाला उसंतच दिली नाही.

आमच्या भागातल्या गोऱ्यांना शेजारच्या पंजाबी लग्नांचा दांडगा अनुभव होता, तिथल्या जेवणाचा तर विशेष. हातावर लाल तांदूळ, अख्ख्या कुटुंबाला बोलावणं, हॉल. त्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला. शनिवारी शाळेचा हॉल भरून वाहिला. बायका पिसांच्या टोप्या घालून आल्या, पुरुष टाय लावून. एका जोडप्याने रिबीन बांधलेला टोस्टर आणला. मामांनी रीतीप्रमाणे हेडबाईंच्या गळ्यात हार घातला, आणि मग तर कोणाला काही शंकाच उरली नाही. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने मामांचा हात हातात घेतला आणि डोळे पुसत म्हणाला, "गुड फॉर यू. अॅट युअर एज." हेडबाईंचा चेहरा अक्षतेच्या रंगाचा झाला. पण आता आलोच आहोत तर, म्हणून लोकांनी बटाटेवडे खाल्ले, वर्ग बघितले, गणिताच्या तरुण मास्तरांशी बोलले, आणि शाळा काही इतकी वाईट नाही असं एकमेकांना सांगत घरी गेले. टोस्टर अजून शिक्षकांच्या खोलीत आहे.

त्यानंतर शाळेने मागे वळून पाहिलं नाही. वर्ग भरले, आणि मग जागांपेक्षा अर्ज जास्त यायला लागले. जवळच्या मुलाला आधी जागा, हा नियम कडकपणे पाळावा असा हट्ट बैठकीत कोणी धरला हे सांगायला नकोच. अंतर फाटकापासून सरळ रेषेत मोजायचं, गव्हर्नरच्या नात्यागोत्याला सवलत नाही. मामांची पट्टी अखेर शाळेच्या कामी आली. दरवर्षी मागणी वाढत गेली, आणि जागा मिळणाऱ्या घरांचं वर्तुळ आक्रसत गेलं. नातीचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा तिचं टेकडीपलीकडचं घर त्या वर्तुळाच्या बाहेर पडलं होतं.

मी त्या दिवशी मामांच्या स्वयंपाकघरात होतो. मुलगा स्वतःहून आला होता. तो आता शाळेवर खूश होता, ब्रॅकनेलचं नाव काढत नव्हता. "बाबा, सिंपल आहे. फॉर्मवर तुमचा ॲड्रेस टाकू. ती रोज इथेच असते आफ्टर स्कूल. एव्हरीवन डझ इट."

"झोपते कुठे?" मामांनी विचारलं.

"घरी. ऑब्व्हियसली."

"मग घर ते."

"बाबा, इट्स युअर ओन स्कूल! तुम्ही केला ते!"

"म्हणूनच," मामा म्हणाले. "पुण्यात माझी कॉलेजातली जागा कुणाच्या तरी पुतण्याला गेली, म्हणून मी या थंडीत आलो. आता इथे फाटकाशेजारच्या कुठल्या पोराची जागा मी घेऊ?"

मी मामांकडे बघत राहिलो. मला त्यांचा भयंकर राग आला होता. एक पत्ता, एवढंच तर लिहायचं होतं. आणि असा माणूस आपल्या नात्यात आहे याचा अभिमानही त्याच वेळी दाटून आला होता. मामांनी खिशातून पट्टी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि काही न मोजता परत ठेवली.

उन्हाळ्यात मुलगा ब्रॅकनेलला गेला. मामांच्या दुपारी आता कोणी दिडकी म्हणत नाही. शाळेला तर आमंत्रणाची गरजच उरलेली नाही, लोक आपण होऊन रांग लावतात. तरीही यंदा मामांनी तांदळाला कुंकू लावलं, पहिली अक्षत गणपतीपुढे ठेवली, आणि मी न बोलता चपला चढवल्या. फिरत फिरत ते टेकडी ओलांडून गेले आणि मुलाच्या जुन्या घरासमोर थांबले. मला वाटलं, नुसतं बघून परत फिरतील. त्यांनी बेल वाजवली. कडेवर मूल घेतलेली एक बाई बाहेर आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि ओशाळून हसली. "इट्स अ लव्हली स्कूल. बट वुई आर टू फार अवे. वुई वोन्ट गेट अ प्लेस."

"आय नो," मामा म्हणाले, आणि तिच्या हातावर अक्षता ठेवल्या. "कम एनीवे."

परतीच्या वाटेवर मामांनी नेहमीची पावकी सुरू केली नाही. मग मीच दिडकी सुरू केली. तिसऱ्या ओळीवर अडखळलो तशी त्यांनी ती, माझ्याकडे न बघता, दुरुस्त केली.