तिले सवय व्हई

वर्गात एका पोराला उलटी झाली. फळ्यासमोर, मॅडमच्या खुर्चीपाशी. बाकीची पोरं नाक दाबून मागं सरकली.

त्याची आई तिथंच उभी होती. शहाद्याकडच्या बागायतदाराची लेक, इथं तळोद्यात दिलेली. तिनं पोराचं तोंड पुसलं, त्याला जवळ घेतलं आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

"मॅडम, तिले सांगा ना. तिले सवय व्हई."

हिला सवय असेल म्हणे. माझ्याशी नाही बोलली. माझ्याविषयी बोलली. मी हातभर अंतरावर उभी.

मॅडम हसल्या. "ताई, जरा पुसून घेता का? आज आपल्या मावशी आल्या नाहीत."

मीही पालक म्हणूनच आले होते. दर शनिवारी दोघा-तिघा पालकांनी वर्गात यायचं, पोरांना काही सांगायचं, शिकवायचं, असं शाळेनं ठरवलं होतं. माझी पोरगी दुसरीत. राखीव जागेवर घेतलेली. नवरा मोलगी गावाच्या रस्त्याला जीप चालवतो. मी बारावी झालेय. मी आमच्या डोंगरातली अस्वलाची गोष्ट सांगणार होते. मराठीत सांगणार, मधलं गाणं तेवढं भिलीत. आठवडाभर स्वयंपाक करता करता घोकली होती. ठेवणीतली साडी नेसले होते.

त्याच साडीचा पदर खोचला आणि फरशी पुसली.

का पुसली? कुणी हात धरून नाही बसवलं. पण मी शिकले त्या आश्रमशाळेत गुरुजींच्या घरची भांडी घासायला आम्हा पोरींनाच न्यायचे. 'चल गं' म्हटलं की उठायचं. ते अंगात मुरलेलं. माझा बाप भेटायला आला की फाटकाबाहेरच बसायचा. आत ये म्हणायचं कुणाला सुचलं नाही. त्यालाही नाही.

पुसता पुसता मी वर पाहिलं. पोरीनं मान खाली घातली होती. शेजारची मुलगी तिला विचारत होती, "ही तुझी मम्मी?"

माझी पोरगी दप्तराची चेन उघडत-लावत राहिली.

मग त्या पोराच्या आईनं कागदाची फुलं शिकवली. टाळ्या झाल्या. माझी पाळी आली तेव्हा मॅडमनी घड्याळ पाहिलं. "पुढच्या शनिवारी हं, ताई."

घरी आल्यावर पोरगी एवढंच म्हणाली, "याहा, तू परत शाळेत येऊ नको."

याहा म्हणजे आई. ती हाक तिनं वर्गात गिळली होती.

तो आठवडा मी एका जागी बसले नाही. भाकरी करपायच्या. धुतलेली भांडी पुन्हा धुवायचे. नवरा म्हणाला, "जाऊ दे, पोरीचं शिक्षण बघ." पोरीचंच तर बघत होते. फरशी पुसणारी आई बघून ती काय शिकली, तेच डोक्यात फिरत होतं.

शनिवारी गेले. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं आलात. डबे खाऊन झाले की वर्ग झाडून घ्याल?"

"या बाकीच्या पालक झाडणार आहेत?"

"तुम्ही उगाच गैरसमज करून घेताय, ताई."

"त्या झाडणार असतील तर मीही झाडते. नाहीतर मी गोष्ट सांगायला आलेय."

झाडायची मला लाज नाही. घर झाडते, अंगण सारवते. पण तिथं मला एकटीलाच झाडू का, ते मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं.

मी फळ्यासमोर जाऊन उभी राहिले. गोष्ट सुरू केली. गाणं आलं तशी दोन-चार पोरं फिदीफिदी हसली. मागून एक बाई बोलली, "आम्हना पोरेसले हाई भाषा कसाले?" आमच्या पोरांना ही भाषा कशाला, म्हणे.

मी तीच ओळ पुन्हा म्हटली. मोठ्यानं. गोष्ट पुरी केली. टाळ्या झाल्या नाहीत. पोरगी बाकाकडंच बघत राहिली.

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "वातावरण बिघडतं बाई. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

"बाकीचे पालक येतात तोवर मी येणार."

"मुलीचा विचार करा."

धमकी होती ती. मला समजली. मी म्हटलं, "तिचाच करतेय."

पोरगी अजून माझ्याशी धड बोलत नाही. रस्त्यानं चार पावलं पुढं चालते, कुणाला कळू नये म्हणून. मी तिला ओढून जवळ घेत नाही. चिडू दे माझ्यावर. माझी लाज वाटायची तर वाटू दे. पण वाकलेली याहा तिला पुन्हा दिसणार नाही.

येत्या शनिवारी मी जाणार. फाटक लावलं तर उघडायला लावणार. तिच्या वर्गात, तिच्यासमोर, आमच्या बोलीत बोलणार. कुणाला आवडो न आवडो. तिलाही.