गळ्याची घाटी

दोन बोटं रोग्याच्या गळ्यावर टेकवून ती म्हणायची, "गिळा मालक. घाई न्हाई. घाटी वर जाऊ द्या." घाटी वर सरकल्याशिवाय दुसरा चमचा नाही, मागे डॉक्टर ताटकळले तरी नाही.

लातूर जिल्हा नवा झाला, आमच्या दवाखान्यात एक्स-रेचं नवं मशीन आलं आणि ते चालवायला नांदेडहून मी आलो. ती वॉर्डातली आया. सगळे मावशी म्हणायचे. अर्धांगवायूच्या रोग्याला मी एक्स-रेत दिसणारं पांढरं औषध प्यायला द्यायचो आणि ते घशातून उतरताना पडद्यावर पाहायचो. गिळताना घाटी, म्हणजे कंठमणी, वर आणि पुढे सरकते, तिच्या ओढीनं अन्ननलिकेचं तोंड उघडतं. घाटी पुरती उचलली गेली नाही तर घास अडतो, नाहीतर श्वासनलिकेत शिरतो. हे मी शिकून आलो होतो. मावशीला ते बोटांनीच कळायचं. डॉक्टर आले की आधी तिला विचारायचे, "मावशी, उतरतंय का?" माझा रिपोर्ट नंतर. माझा नुसता जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू? तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेलच.

त्यात दुष्काळ. नातेवाईक टँकरसाठी अर्धा दिवस उभे राहून कळशी भरून आणायचे आणि ही रोग्याला घोटभर पाणी पाजू द्यायची नाही. "पाणी घशात लई पळतंय, भलतीकडं जातंय. घट्ट आंबील द्या." लोक तिच्यावर चिडायचे. मला बरं वाटायचं.

मग लोह्याहून माझ्या वडिलांना, दादांना, आणलं. उजवी बाजू गेलेली. मावशी खाटेजवळ आली तशी मी म्हणालो, "आमच्या माणसाचं मी बघतो." दादांनी जन्मात तांब्याला ओठ लावला नव्हता, मान मागे टाकून वरून धार घ्यायचे. मी त्यांची मान तशीच मागे केली आणि धार सोडली. पाणी भलत्या वाटेनं गेलं. दादा काळेनिळे पडले. मावशीनं धावत येऊन त्यांना कुशीवर वळवलं, पाठीवर थापा मारल्या आणि माझ्यावर ओरडली, "मान वर कशाला केली हो सायेब? हनुवटी खाली पायजे!"

पुढे महिनाभर तिनंच त्यांना भरवलं. माझा चमचा दिसला की दादा तोंड भिंतीकडे करायचे. एका सकाळी त्यांची जीभ जराशी वळली. पहिलं विचारलं ते हे : "बाई आली का?" मी समोरच उभा होतो.

दादा बरे होऊन घरी गेले. मी तिला धन्यवादसुद्धा दिले नाहीत.

काही वर्षांनी ती निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "सायेब, एक मागू? इतकी सालं बोटानंच पाह्यलं. घाटी वर गेल्यावर आत कसं उघडतंय, एकदा दावा की."

"मशीन बंद आहे, मावशी."

"असू द्या," ती म्हणाली आणि अहमदपूरच्या गाडीला गेली. वर्षाच्या आतच ती वारल्याचं कळलं.

ती दारात आली त्या दिवशी मशीन चालू होतं. त्या दुपारी मी तीन रोग्यांचं गिळणं पाहिलं, एकट्यानं.